महासंगणकाची रांग, कॉलेजचं लॉगिन आणि डिजीलॉकरमधलं तुमचं नाव

पुण्यात विद्यापीठाच्या गणेशखिंडीच्या आवारात आयुका आणि एनसीआरए या खगोलशास्त्राच्या संस्था आहेत, आणि याच परिसरात महासंगणक बनवणारी सी-डॅक. तिथून पाषाणकडे निघालं की आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधनाची संस्था लागते, आणि त्याच भागात हवामानाचा अभ्यास करणारी आयआयटीएम. देशातले काही सगळ्यात वेगवान संगणक या एवढ्याशा पट्ट्यात रात्रंदिवस चालू असतात. रोज याच रस्त्याने बसने जाणाऱ्या एमएस्सीच्या विद्यार्थ्याला विचारा, यातलं तुला काय वापरता येतं? बहुतेक वेळा उत्तर येतं, "ते आपल्यासाठी नसतं, सर."

हे उत्तर मला फार खटकतं. ही यंत्रं सार्वजनिक पैशातून उभी राहिली आहेत. गेल्या काही वर्षांत विद्यापीठांत ज्या ऑनलाइन सेवा आल्या, त्याही तशाच. त्या कशा चालतात हे कुणी समजावून सांगत नाही. उद्घाटनाच्या बातमीत वेगाचा, पेटाफ्लॉपमधला आकडा येतो, फीत कापल्याचा फोटो येतो आणि विषय संपतो. मग विद्यार्थी मागत नाही, आणि मागितल्याशिवाय यातलं फारसं काही पदरात पडत नाही. म्हणून आतली कळ समजून घेऊ.

सुरुवात महासंगणकापासून. १९८०च्या दशकात भारताला हवा होता तो क्रे या अमेरिकी कंपनीचा महासंगणक द्यायला अमेरिकेने नकार दिला. १९८८ साली पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. एकच प्रचंड ताकदीचा प्रोसेसर बनवत बसण्यापेक्षा बाजारात मिळणारे पुष्कळ लहान प्रोसेसर एकमेकांना जोडायचे आणि काम वाटून द्यायचं, ही त्यामागची कल्पना. आजचे महासंगणकही मुळात याच कल्पनेवर चालतात.

२०१५ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय महासंगणन मिशनला मंजुरी दिली, ४,५०० कोटी रुपयांची. त्यातून संस्थांच्या आवारात यंत्रं उभी राहू लागली. वाराणसीच्या आयआयटी-बीएचयूमध्ये २०१९ साली 'परम शिवाय' आला, पुण्याच्या आयसरमध्ये 'परम ब्रह्म', बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत २०२२ मध्ये 'परम प्रवेग'. २६ सप्टेंबर २०२४ रोजी तीन 'परम रुद्र' राष्ट्राला अर्पण झाले. त्यातला एक खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीतून येणाऱ्या माहितीवर काम करणाऱ्या खगोलशास्त्रज्ञांसाठी आहे.

'परम ब्रह्म' सुरू झाला तेव्हा त्याची क्षमता ७९७ टेराफ्लॉप सांगितली गेली. म्हणजे सेकंदाला ७९७ लाख कोटी आकडेमोडी. आकडा वाचून छाती दडपते. पण तुमच्या कामाला त्यातलं किती मिळणार, हे वेगळ्याच गोष्टींवर ठरतं.

महासंगणक म्हणजे प्रत्यक्षात कपाटांच्या रांगा. प्रत्येक कपाटात एकावर एक रचलेले सपाट संगणक, त्यांना नोड म्हणतात. एका नोडमध्ये तुमच्या लॅपटॉपसारखेच, पण बरेच जास्त कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले प्रत्यक्ष आकडेमोड करणारे भाग, असतात. 'परम ब्रह्म'च्या साध्या नोडमध्ये ४८. शेकडो नोड एका अतिवेगवान जाळ्याने एकमेकांशी जोडलेले असतात, आणि सगळ्यांना मिळून एक सामाईक साठवण असते. नोड तापतात, भयंकर तापतात, त्यामुळे थंडावा राखणं हा या खोलीतला निम्मा संसार. 'परम ब्रह्म'मध्ये तर थेट प्रोसेसरला लागून द्रव फिरवून उष्णता बाहेर काढतात.

इथे पहिला गैरसमज निघायला हवा. लॅपटॉपवर चालणारा प्रोग्राम महासंगणकावर नेऊन टाकला म्हणून तो आपोआप शंभरपट वेगाने पळत नाही. एका कोअरसाठी लिहिलेला प्रोग्राम तिथेही एकाच कोअरवर चालतो. बाकीचे ४७ रिकामे बसतात. काम वाटून देता आलं पाहिजे, आणि प्रत्येक कामात काही भाग असा असतो की तो वाटताच येत नाही. लग्नघरात पोळ्या लाटायला दहा जणी बसल्या, पण तवा एकच असला, तर पंगतीला पोळी तव्याच्या वेगानेच मिळणार. जीन अॅमडाल या अभियंत्याने १९६७ मध्ये हीच गोष्ट गणितात मांडली. समजा तुमच्या कामाला एका कोअरवर १०० तास लागतात आणि त्यातले ५ तासांचं काम वाटता येत नाही. ४८ कोअर लावले तर उरलेले ९५ तास साधारण २ तासांवर येतात, पण ते ५ तास तसेच राहतात. एकूण ७ तास. म्हणजे ४८ कोअर लावून वेग वाढला जेमतेम १४ पट. पुढे हजार कोअर लावा, लाख लावा, ५ तासांच्या खाली काम कधीच जाणार नाही. संशोधनासाठी यंत्रावर वेळ मागताना 'मला ५०० कोअर द्या' असं लिहिण्याआधी हा हिशेब करून पाहिला, तर अर्ज वाचणाऱ्याचा विश्वास बसतो.

आता प्रत्यक्ष वापर. तुमचं खातं उघडलं की तुम्ही दुरून, आपल्याच लॅपटॉपवरून, एका काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करून आत जाता. आत गेल्यावर जिथे पोहोचता त्याला लॉगिन नोड म्हणतात. ही फक्त ओसरी. इथे फाइली आणायच्या, प्रोग्राम तपासायचा, काम लावायचं. खरी आकडेमोड इथेच सुरू केली तर त्याच वेळी आत आलेल्या सगळ्यांचं काम अडकतं, आणि व्यवस्थापकाची कडक शब्दांतली मेल येते. नव्या विद्यार्थ्यांकडून सर्वाधिक होणारी चूक हीच, आणि तिचं कारण इतकंच की त्यांना आधी कुणी सांगितलेलं नसतं.

काम लावायचं म्हणजे एक छोटी फाइल लिहायची, तिला जॉब स्क्रिप्ट म्हणतात. त्यात किती नोड हवेत, किती कोअर हवेत, किती वेळ लागेल आणि कुठला प्रोग्राम चालवायचा, एवढं असतं. ती फाइल 'स्लर्म' नावाच्या प्रणालीकडे सोपवायची. मिशनच्या यंत्रांवर रांग सांभाळण्याचं काम स्लर्म करतं. फाइल सोपवल्यावर तुम्हाला जॉबचा क्रमांक मिळतो. मग रांग पाहायची आज्ञा दिली की तुमच्या जॉबपुढे दोन अक्षरं दिसतात: 'पीडी', म्हणजे पेंडिंग. सुरू झाला की तिथेच 'आर' येतो, रनिंगचा. 'पीडी'च्या ओळीत अगदी शेवटी कंसात कारण दिलेलं असतं, ते वाचायची सवय लावा. तिथे 'रिसोर्सेस' असेल तर तुमचा नंबर लागलेला आहे, फक्त मागितलेले नोड मोकळे व्हायचे आहेत. 'प्रायॉरिटी' असेल तर तुमच्या पुढे अजून माणसं आहेत.

एकदा एक विद्यार्थिनी काकुळतीला येऊन म्हणाली, "सर, दोन दिवस झाले, पीडीच आहे. मशीन बिघडलं का?" तिची स्क्रिप्ट पाहिली. तिचं काम तीन-चार तासांत होणारं होतं आणि तिने सुरक्षित म्हणून परवानगी असलेला कमाल वेळ मागून ठेवला होता. या ठिकाणी स्लर्मची चाल समजून घेण्यासारखी आहे. समजा रांगेत सर्वांत पुढे एक मोठं काम आहे, त्याला ४० नोड हवेत आणि ते सगळे रात्री अकराला मोकळे होणार आहेत. आत्ता संध्याकाळचे सहा वाजलेत आणि ५ नोड रिकामे आहेत. अकराच्या आत संपणारं एखादं छोटं काम मागे असेल, तर स्लर्म त्याला पुढे घेऊन त्या रिकाम्या नोडांवर बसवतं, कारण त्याने मोठ्या कामाचा काहीच खोळंबा होत नाही. पण 'अकराच्या आत संपणारं' हे स्लर्मला कशावरून कळणार? तुम्ही लिहिलेल्या वेळेवरून! चार तासांच्या कामाला चार दिवस लिहिले, की ही फट तुमच्या हातून गेली. तिने जुना जॉब काढून पाच तासांची मागणी लिहिली आणि त्याच रात्री काम लागलं.

उलट बाजूही ध्यानात ठेवा. लिहिलेला वेळ संपला की काम जिथे असेल तिथे बंद पाडलं जातं, दयामाया नाही. म्हणून लांबणाऱ्या प्रोग्रामने अधूनमधून आपली स्थिती फाइलमध्ये उतरवत राहावं, म्हणजे पुढच्या वेळी तिथून पुढे जाता येतं. आणि ज्या जागेला 'स्क्रॅच' म्हणतात ती कामापुरती असते. तिथल्या जुन्या फाइली ठरावीक मुदतीनंतर पुसल्या जातात. प्रबंधाचे निकाल तिथेच ठेवून गावी गणपतीला जाऊ नका.

खातं मिळतं कसं? विद्यार्थ्याच्या एकट्याच्या नावावर सहसा नाही. मार्गदर्शक अर्ज करतात, कामाचं स्वरूप लिहितात, आणि त्यांच्या गटात विद्यार्थ्याचं खातं उघडलं जातं. मिशनच्या यंत्रांवर यजमान संस्थेबाहेरच्या संशोधकांनाही अर्ज करून वेळ मागता येतो. तेव्हा नाशिकच्या किंवा लातूरच्या महाविद्यालयात रसायनशास्त्रात पीएचडी करणाऱ्याने आपल्या मार्गदर्शकांकडे हा विषय जरूर काढावा. रेणूंची गणितं, पिकांच्या जनुकांचा अभ्यास, पुराचं प्रारूप, भाषेची मॉडेलं, यातलं काहीही करत असाल तर मागायला तुम्ही पात्र आहात.

महासंगणक सगळ्यांना लागत नाही. लॉगिन मात्र प्रत्येकाला लागतं, आणि त्याच्यामागे जी विश्वासाची साखळी आहे ती मला महासंगणकाइतकीच सुंदर वाटते.

'एड्युरोम' हे नाव वायफायच्या यादीत तुम्ही कधीतरी पाहिलं असेल. युरोपात, नेदरलँड्समधून सुरू झालेली ही व्यवस्था आता शंभराहून अधिक देशांत आहे. भारतात ती अर्नेट, म्हणजे शिक्षण आणि संशोधन संस्थांना जोडणारं सरकारी जाळं, चालवतं. तुमची संस्था यात सामील असेल, तर तुम्ही परिषदेसाठी दिल्लीला गेलात काय किंवा जर्मनीत शिकायला गेलात काय, तिथल्या विद्यापीठात फोन आपोआप वायफायला जोडला जातो, आपल्याच घरच्या लॉगिनवर. यजमान विद्यापीठ तुम्हाला ओळखत नाही. तुमच्या लॉगिन नावात @ चिन्हानंतर तुमच्या संस्थेचं नाव असतं. ते पाहून यजमान सर्व्हर तुमची चौकशी वर, देशपातळीच्या सर्व्हरकडे पाठवतो, तो ती पुढे ढकलत तुमच्या संस्थेपर्यंत पोहोचवतो. तुमची संस्था पासवर्ड तपासते आणि उत्तर परत येतं: हो किंवा नाही. मधल्या कुणालाच तुमचा पासवर्ड दिसत नाही, कारण तो फोनपासून थेट तुमच्या संस्थेपर्यंत कुलूपबंद जातो.

यात एकच कच्चा दुवा आहे, आणि तो तुमच्या हातात आहे. फोनमध्ये एड्युरोम जोडताना तो, समोरचा सर्व्हर खरा आहे हे दाखवणाऱ्या प्रमाणपत्राबद्दल विचारतो. कंटाळून 'पडताळणी करू नका' हा पर्याय निवडला, तर याच नावाचं खोटं वायफाय उभं करणाऱ्याच्या हाती तुमचा पासवर्ड पडू शकतो. संस्थेच्या संगणक केंद्राने दिलेली सेटिंग जशीच्या तशी भरा. पाच मिनिटं लागतात.

याच धर्तीवर ग्रंथालयाचं दार उघडतं. १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना सुरू झाली. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं, तीन वर्षांसाठी ६,००० कोटींची तरतूद, आणि विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणारं गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र ती राबवतं. पूर्वी एखाद्या लेखासाठी पुण्या-मुंबईतल्या ओळखीच्या माणसाला मेल करावी लागायची. आता सरकारी महाविद्यालयातला विद्यार्थी तोच लेख स्वतः उघडू शकतो. घरून उघडायचा असेल तर प्रकाशकाच्या पानावर संस्थेमार्फत लॉगिन करण्याचा पर्याय निवडायचा, यादीतून आपली संस्था शोधायची, मग पान बदलून तुमच्या संस्थेच्या लॉगिनवर येतं. पासवर्ड फक्त तिथेच द्यायचा. तो टाकण्यापूर्वी वर पत्त्याच्या पट्टीत संस्थेचंच नाव आहे ना, हे पाहा. संस्था प्रकाशकाला एवढंच कळवते की 'हा आमचा विद्यार्थी आहे', आणि लेख उघडतो.

पण एक गोष्ट मनाला लागते. योजनेचा हा टप्पा केंद्र आणि राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील संस्थांपुरता आहे. महाराष्ट्रात खासगी संस्थांच्या महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलांची संख्या फार मोठी आहे, आणि त्यातली कितीतरी महाविद्यालयं तालुक्याच्या गावी आहेत. या मुलांना हे दार उघडं व्हायला हवं, लवकर व्हायला हवं. तोवर 'शोधगंगा' सगळ्यांना मोकळं आहे. देशभरातल्या विद्यापीठांचे पीएचडी प्रबंध तिथे कुठल्याही लॉगिनशिवाय वाचता येतात, मराठीतले प्रबंधसुद्धा.

परीक्षा आणि निकाल ऑनलाइन म्हटलं की मात्र पालकांच्या कपाळावर आठी येते, आणि त्याला कारण आहे. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासायची पद्धत एका दमात सगळ्या शाखांना लावली. लाखो उत्तरपत्रिका, तयारीला अपुरा वेळ, नव्या पद्धतीचा सराव नसलेले प्राध्यापक. निकाल महिनोन्‌महिने रखडले, परदेशी प्रवेश मिळालेली मुलं गुणपत्रिकेसाठी खेटे घालत राहिली, आणि शेवटी कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं. पडद्यावर तपासणी ही पद्धत मुळात वाईट नाही. गुणांची बेरीज चुकत नाही, पान तपासायचं राहिलं तर प्रणाली पुढे जाऊ देत नाही, कुणाची उत्तरपत्रिका आहे ते परीक्षकाला कळत नाही. एका लहान विद्याशाखेपासून सुरुवात करून वर्षभर जुनी आणि नवी पद्धत शेजारी शेजारी चालवली असती, तर मुलांचे ते हाल टळले असते असं मला आजही वाटतं.

आता अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे एबीसी. हिच्याबद्दल सध्या सगळ्यात जास्त गोंधळ आहे. २०२१ मध्ये ही सुरू झाली. तुम्ही एखादा विषय उत्तीर्ण झालात की त्याची क्रेडिट, म्हणजे त्या विषयाला ठरवून दिलेले श्रेयांक, तुमच्या नावावर जमा होतात. मध्येच शिक्षण थांबलं, विद्यापीठ बदललं, किंवा 'स्वयम' या सरकारी ऑनलाइन मंचावर मान्यताप्राप्त अभ्यासक्रम केला, तरी ती वाया जाऊ नयेत हा हेतू. साधारण सात वर्षं ती वापरता येतात. खातं तुम्ही डिजीलॉकरमधून उघडता, पण क्रेडिट तुम्हाला भरता येत नाहीत. ती तुमचं विद्यापीठच भरतं. निकाल लागला आणि बँकेत काहीच दिसत नाही, तर अॅपला दोष देऊन उपयोग नाही. महाविद्यालयात एबीसीचं काम पाहणारे समन्वयक असतात, त्यांना गाठायचं.

डिजीलॉकरमध्ये दोन कप्पे आहेत आणि त्यांतला फरक फार कमी जणांना माहीत असतो. विद्यापीठाने किंवा बोर्डाने स्वतः पाठवलेली कागदपत्रं 'इश्यूड' या कप्प्यात येतात. नियमांनुसार ती मूळ कागदपत्रांच्या तोडीची मानली जातात. तुम्ही फोनने फोटो काढून चढवलेली गुणपत्रिका दुसऱ्या कप्प्यात राहते, आणि ती केवळ एक फोटोच. प्रवेशाच्या वेळी हा फोटोच दाखवून वाद घालणारे पालक मी पाहिले आहेत.

आणि सर्वांत जास्त अडतं ते नावावर. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि आईचं नाव वेगळ्या रकान्यात. आधारवर स्वतःचं नाव आधी आणि आडनाव शेवटी. कुठे वडिलांच्या नावापुढे 'राव' आहे, कुठे नाही. कुठे 'दिपक', कुठे 'दीपक', इंग्रजीत तर आणखी दोन तऱ्हा. लग्नानंतर एमएला प्रवेश घेणाऱ्या मुलींची नावं दोन्हीकडे वेगळी. माणूस वाचतो तेव्हा त्याला कळतं की ही एकच व्यक्ती. संगणक अक्षराला अक्षर लावून पाहतो आणि नोंद बाजूला ठेवून देतो. विद्यापीठ क्रेडिट पाठवतं, ती तुमच्या खात्याशी जुळत नाहीत, आणि हे कळतं थेट पुढच्या प्रवेशाच्या वेळी.

यावर उपाय कंटाळवाणा आहे, पण पहिल्याच वर्षी करून टाकावा. दहावीची गुणपत्रिका, आधार आणि विद्यापीठाची नोंदणी अशी तिन्ही शेजारी ठेवून जन्मतारीख, लिंग आणि नावाचं इंग्रजी स्पेलिंग अक्षर न् अक्षर ताडून पाहा. फरक असेल तर बहुतेक वेळा आधार दुरुस्त करणं सोपं जातं, बोर्डाच्या नोंदीतली दुरुस्ती लांबते. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्रातली नोंद किंवा विवाह नोंदणीचा दाखला हाताशी ठेवा आणि विद्यापीठाच्या पात्रता विभागात लेखी अर्ज द्या, त्याची पोच घ्या. मग पहिल्या सत्राचा निकाल लागला की महिन्याभराने डिजीलॉकर उघडून क्रेडिट आली का ते पाहा. आली नसतील तर त्याच आठवड्यात समन्वयकांकडे जा. एका सत्राची नोंद शोधणं त्यांनाही सोपं जातं. सहा सत्रांची एकदम शोधायची वेळ आली तर प्रवेशाची तारीख उलटून जाते.